बिडीच्या वेळा

माझ्या धंद्यात घसा बसणं हा आजार धरत नाहीत. मी जळगावच्या भाजी यार्डात एका आडत्याच्या गाळ्यावर सत्तावीस वर्षं लिलाव पुकारला. पहाटे असोद्याहून मोटरसायकलवर निघायचं, उजाडायच्या आत वांग्यांच्या ढिगाजवळ उभं राहायचं आणि दहापर्यंत ओरडायचं. ज्याचा घसा बसत नाही त्याला आमच्यात पुकारणारा म्हणतच नाहीत. त्यामुळे दिवाळीनंतर माझा आवाज बसला आणि संक्रांत उलटली तरी उठेना, तेव्हा यार्डात माझं कौतुक झालं. आमचे आडते नाना म्हणाले, "आता कुठं भारदस्त आवाज लागला तुझा." मीही खूश. ज्येष्ठमध चघळला, हळदीचं दूध घेतलं आणि बिड्या चालूच ठेवल्या. दुसऱ्या कुठल्या धंद्यातला माणूस महिन्याभरात डॉक्टरकडे गेला असता. मी पाच महिने मिरवत बसलो.

हे मी अशा माणसासाठी लिहितोय, ज्याला कालपरवा डॉक्टरांनी सांगितलंय की स्वरपेटी काढावी लागेल. शास्त्र तुम्हाला डॉक्टर सांगतील, ते माझ्याकडून ऐकू नका. माझं काय चुकलं आणि मी रोज काय केलं, एवढंच माझ्याजवळ आहे.

पाकिटामागचं चित्र

जळगावच्या डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून पाहिलं आणि धुळ्याला पाठवलं. तुकडा तपासायला गेला. आठ दिवसांनी मी आणि माझी बायको सुमन एसटीनं परत धुळ्याला गेलो. डॉक्टर तरुण होते, माझ्या पुतण्याच्या वयाचे. त्यांनी रिपोर्टच्या पाकिटामागे पेनानं एक गळा काढला आणि त्यातल्या एका भागावर रेघोट्या मारल्या. "हे काढायचं," म्हणाले. मग स्वतःच्या गळ्याच्या खालच्या खळगीवर बोट ठेवलं. "नंतर श्वास इथून."

सुमननं विचारलं, "आनि बोलनं?"

"आधीसारखं नाही."

"किती दिवस?"

"कायमचं, ताई."

यावर मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "मग लिलाव कोण पुकारणार?" डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, "आधी तुम्हाला वाचवू, मग लिलावाचं बघू."

परतीच्या गाडीनं पारोळ्याला दहा मिनिटं थांबा घेतला. मी खाली उतरलो आणि बिडी पेटवली. कॅन्सर झालाय हे कळून दोन तास झाले होते. सुमन खिडकीतून बघत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं तोंड फिरवलं.

मायला जे बोललो

माझी माय ऐंशीच्या पुढची आहे. काचबिंदूनं दहा वर्षांपूर्वी तिचे दोन्ही डोळे गेले. यार्डातून आलो की तिच्या खाटेवर बसायचं आणि सगळं सांगायचं असा आमचा नेम होता. कोणाची वांगी आली, गिलकी उतरली की चढली, कोण कोणाशी भांडलं. गल्लीत तिला सगळ्यांच्या आधी बातमी असायची आणि तिला त्याचा मोठा ताठा होता.

ऑपरेशनबद्दल तिला आम्ही एवढंच सांगितलं होतं, घशात गाठ आहे, काढायची आहे. जायच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्याजवळ बसलो तर तिला वास आला.

"घसा फाडाले चालला आन् बिडी सुटत नही? लाज वाटू दे थोडी," ती म्हणाली.

मी चिडलेलो होतो, घाबरलेलो तर त्याहून जास्त होतो. त्या फाटक्या आवाजात तिच्यावर खेकसलो, "तुले दिसत नही ना? मंग नाकबी झाकून घे. गप पड."

ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. पहाटे निघालो तेव्हा ती झोपली होती किंवा तसं दाखवत होती. मी उंबऱ्यात थोडा थांबलो. परत आल्यावर बोलू, असं मनाशी म्हटलं आणि निघालो. डॉक्टर "कायमचं" म्हणाले होते आणि मी ते ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि कळणं वेगळं. गुंगीचं इंजेक्शन दिलं तेव्हा कुठं मला ते कळलं. माझ्या आवाजात मायला जे शेवटचं ऐकू गेलं, ते तिच्या आंधळेपणावरचं बोलणं होतं. मला त्याच क्षणी उठून घरी जायचं होतं. पण जीभ जड झाली होती.

पाटी आणि चमचा

शुद्धीवर आल्यावर मी ओरडलो. म्हणजे ओरडायचं सगळं केलं, आवाज सोडून. नाकातून एक नळी पोटात गेलेली, गळ्यात दुसरी. वॉर्डातल्या मावशी धुळ्याकडच्याच होत्या. त्यांनी माझा हात दाबून धरला. "घाबरू नको भाऊ. बठ्ठं चांगलं व्हई जाई."

वॉर्डात दिवस ठरल्याप्रमाणे जातो. सकाळी गळ्यातली नळी साफ करतात, ती सगळ्यात वाईट वेळ. मग मलमपट्टी. मग नाकातल्या नळीतून डाळीचं पाणी, मोसंबीचा रस, पुन्हा डाळीचं पाणी. सांगून ठेवतो, पहिले चार दिवस फक्त पुढचा तास बघा. पाचव्या दिवशी मावशींनी आरसा धरला. गळ्यात रुपयाएवढं भोक होतं आणि त्यातून मी श्वास घेत होतो. मला वाटलं होतं मी रडेन. मी पाटीवर लिहिलं, "दाढी करायला हवी."

सुमननं ती शाळेची पाटी बाजारातून आणली होती. तिचं शिक्षण चौथीपर्यंत. ती एकेक अक्षर लावून वाचायची आणि तेवढ्यात मी चिडून पुसून टाकायचो. आपण मुके झालो की लोकांना आपण बहिरेही वाटतो, त्यामुळे ती माझ्याशी ओरडून बोलायची. तिला हाक मारायला मी स्टीलच्या ग्लासवर चमचा वाजवायचो. एके दिवशी दुपारपर्यंत मी चमचा किती वेळा वाजवला देव जाणे. ती येऊन उभी राहिली. तिचं माहेर अमळनेरचं, राग आला की तिची अहिराणी आणखी घट्ट होते. "मी काय तुमना चमचावर नाचनारी शे का?" म्हणाली आणि जिन्यात जाऊन रडली. मी ते जिन्यातलं रडणं ऐकलं. त्यानंतर चमचा मी फक्त खरी गरज असेल तरच वाजवला आणि पाटी ती वाचेपर्यंत पुसली नाही. ही माझी पहिली नवी सवय म्हणायला हरकत नाही.

बाराव्या दिवशी तोंडानं पाण्याचा पहिला घोट घेतला. चहा मिळाला तेव्हा कळलं की फुंकर मारता येत नाही, कारण हवा आता तोंडात येतच नाही. सुमननं चहा बशीत ओतला.

मौन

घरी यायच्या आधीच सुमननं मायला फोनवर सांगून टाकलं होतं, "आत्याबाई, त्यास्नी मौन धरेल शे. गाठ बरी व्हयनी म्हनून." अख्खी गल्ली या कटात सामील होती. आमच्या गल्लीतल्या बायकांनी जन्मात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं. म्हाताऱ्या माणसाला धक्का बसेल, शेक म्हणजे रेडिएशन संपेपर्यंत तरी नको, असं सगळ्यांचं मत पडलं. खरं सांगतो, मलाही ते सोयीचं वाटलं. तिच्यासमोर जायची मला भीती वाटत होती.

"मौन?" माय म्हणाली. "यार्डातल्या मानसाले?"

पण तिनं मान्य केलं. आठ दिवस गेले, पंधरा गेले. मी तिच्या खाटेवर बसायचो, तिचा हात हातात घ्यायचो. मला बोलता येत नाही आणि तिला दिसत नाही. पाटी तिच्या कामाची नाही, मान हलवणं तिच्या कामाचं नाही. आम्हा दोघांत बोलण्याची एकही वाट उरली नव्हती. एका दुपारी तिनं माझा हात धरून ठेवला.

"बापू, तुह्या अंगाले बिडीचा वास येत नही आता."

मी तिचा हात दाबला.

"मी बोलली म्हनून सोडली ना? त्याच रागात बोलनंबी सोडलं." तिनं माझी बोटं चाचपली. "मी नही बोलनार आता. पी तुले जितक्या प्याच्या तितक्या बिड्या. पन बोल."

मी उठून मागच्या अंगणात गेलो. रडतानाही आवाज येत नाही, फक्त गळ्यातून वारा सुटतो. त्या दिवशी मी ठरवलं, ते बोलणं मी पाटीवर लिहून, सुमनकडून वाचून घेऊन परत घेणार नाही. ज्या तोंडानं बोललो त्याच तोंडानं परत घेईन. कसं ते मला अजिबात माहीत नव्हतं.

गफूरचाचा

मे आणि जूनमध्ये धुळ्याला शेक घेतला. सोमवार ते शुक्रवार रोज, सहा आठवडे. आम्ही एक खोली भाड्यानं घेऊन राहिलो, मायकडे शेजारणी बघत होत्या. खानदेशातला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पण त्यात माझी एक सोय झाली. उन्हामुळे रस्त्यातला प्रत्येक माणूस गळ्याला ओला रुमाल गुंडाळून फिरत होता, त्यात माझा रुमाल कोणाच्या डोळ्यात भरला नाही.

दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी हवा तोंडात घेऊन मागं कशी ढकलायची, ती गिळू न देता अन्ननळीच्या तोंडाशी कशी अडवायची आणि ढेकरासारखी वर आणून तिच्यावर अक्षर कसं बसवायचं, ते दाखवलं. पहिल्या आठवड्यात मला एकदाही जमलं नाही. मॅडम म्हणाल्या, "गुरुवारी चाचा येतात, त्यांना भेटा."

गफूरचाचा धुळ्यातच पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवतात. सत्तरीचे. त्यांची स्वरपेटी काढून पंधरा वर्षं झाली. ते माझ्यासमोर स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "नाव. काय?"

मी दचकलो. आवाज खरखरीत, तुटक, पण शब्द स्पष्ट. बिनस्वरपेटीचा माणूस बोलत होता. मी पाटीवर लिहिलं, "प्रकाश."

ते मला त्यांच्या दुकानी घेऊन गेले. बाहेर हातोड्यांचा आवाज, ते थांबतील तेव्हा चाचा बोलणार. मी पाटीवर लिहिलं, "रोज किती करायचं?"

"थोडं. पण. रोज." चाचांनी बोट वर केलं. "मी. नमाजाला. बांधलं. नमाज झाली. की. पा, ता, का. आठवण. ठेवावी. लागत नाही. तू. रोज. न चुकता. काय. करत होता?"

मी विचार केला. पूजा बायकोवर सोपवलेली. व्यायाम कधी केला नाही. पोथी नाही, फिरणं नाही. रोज, न चुकता, वर्षानुवर्षं मी एकच गोष्ट केली होती. लाज वाटली, पण लिहिलं, "बिडी."

चाचा हसले. त्यांचे खांदे हलले आणि गळ्यावरचा रुमाल वाऱ्यानं उडाला.

"कोणी. आठवण. करून. द्यायचं?"

मी मान हलवली, नाही.

"ताप. असला. तर. सोडायचा?"

नाही.

"कंटाळा. यायचा?"

कधीच नाही.

"मग. तुला. येतं. की," चाचा म्हणाले. "तीच. वेळ. घे. बिडी. काढ. पा-ता-का. ठेव."

अठरा

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटीवर माझ्या बिड्यांच्या वेळा लिहिल्या. उठल्याबरोबर. संडासला जाताना. चहानंतर. मोटरसायकल काढायच्या आधी. यार्डात पोचल्यावर. पहिला ढीग सुटला की. असं करत झोपायच्या आधीपर्यंत अठरा वेळा निघाल्या. मित्राबरोबर ओढलेल्या वेगळ्या, त्या सोडून दिल्या.

ऑपरेशननंतर बिडी सुटली होती, त्यात माझा काही पराक्रम नव्हता. तोंडातून श्वासच जात नाही, ओढणार कशी? पण वेळा सुटल्या नव्हत्या. चहा झाला की माझा हात अजून खिशाकडे जायचा. तो हात मी आता गुडघ्यावर ठेवायचा, हवा घ्यायची आणि पाच वेळा प्रयत्न करायचा. फक्त पाच. सहावा चाचांनी मना केला होता. "आवाज. येणं. तुझ्या हातात. नाही. बसणं. आहे," असं त्यांचं म्हणणं.

अकरा दिवस काहीही आलं नाही. फक्त पोट फुगायचं आणि जेवताना भलत्या वेळी ढेकर यायचा. बाराव्या दिवशी संध्याकाळच्या चहानंतर "का" आला. सुमन भांडी घासत होती. ती तशीच ओल्या हातानं वळली.

"काय म्हनलात? परत करा."

परत जमलं नाही. चार दिवसांनी जमलं. नंतर एकाआड एक जमायला लागलं. "पा" आला, "ता" आला, मग "काका", "पाटी", "बटाटा". बटाटा आला त्या दिवशी सुमननं खरंच बटाट्याची भाजी केली.

शेक संपला आणि आम्ही असोद्याला आलो. मी अठरा वेळा मागच्या केळीच्या वावरात जाऊन करू लागलो, मायला ऐकू जाऊ नये म्हणून. अर्धवट ढेकर तिच्या कानावर पडावेत असं मला वाटत नव्हतं. चाचांचा रोज संध्याकाळी सात वाजता फोन यायचा. "झालं?" एवढंच विचारायचे. मी नखानं फोनवर वाजवायचो. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मला खोटी एक टिचकी मारता आली असती. कधी मारली नाही. दोन बिनआवाजी माणसांचा रोजचा फोन, हे गल्लीतल्या पोरांना फार मजेशीर वाटायचं.

मी परत ओरडलो

भाद्रपदापर्यंत मला दोन-तीन शब्द एका दमात येत होते. शांत जागी, समोरच्यानं धीर धरला तर. नानांनी निरोप पाठवला, चिठ्ठ्या लिहायला येऊन बस. मी गेलो. चौथ्या दिवशी लिलाव पुकारणारा वेळेवर आला नाही. ढीग लागलेले, शेतकरी ताटकळलेले. मी क्रेटवर उभा राहिलो. कोणी सांगितलं नव्हतं.

सत्तावीस वर्षांची सवय शरीरात मुरलेली असते. मी पोटातून दम भरला आणि जोर लावला, जसा नेहमी लावायचो. सगळा वारा गळ्याच्या भोकातून शिट्टीसारखा सुटला, रुमाल उडाला, यार्डातली धूळ आत गेली आणि मला खोकल्याची उबळ आली. सगळ्यांसमोर गळ्यातून बेडका उडाला. शब्द एकही नाही. शेतकरी वांग्यांकडे बघू लागले. एक ओळखीचा व्यापारी हळू म्हणाला, "भाऊ, राहू द्या." तो चांगल्या मनानं म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

चाचा पहिल्या दिवसापासून सांगत होते, जोर नको. या बोलण्यात जोर लावला की आवाज मरतो. पण आयुष्यभर ज्याचं पोट जोरावर चाललं, त्याला हे पटायला असं तोंडघशी पडावं लागतं.

मी घरी आलो आणि सगळं सोडलं. चाचांचा फोन वाजायचा, मी उचलायचो नाही. मला वाटलं, मोडली सवय, सुटलो. पण चहा झाला की जीभ आपोआप टाळूकडे जायची, हवा घ्यायला बघायची आणि मी तिला दाबून धरायचो. करणं सोपं होतं, न करण्याला कष्ट पडत होते. तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही. मी खाटेवर पडून आढ्याकडे बघत राहिलो, असे अकरा दिवस.

दारात कोण बोलतंय

बाराव्या दिवशी दुपारी सुमन गिरणीत गेली होती. माय ओट्यावर होती, मी आतल्या खोलीत. बाहेरून तो खरखरीत आवाज आला.

"प्रकाश. आहे. का?"

सत्तर वर्षांचा माणूस एसटीनं धुळ्याहून जळगाव आणि तिथून रिक्षानं असोदा गाठून आला होता. मी उठून चप्पल शोधेपर्यंत मायनं विचारलं, "कोन बोलतं? घसा बसला काय भाऊ तुमचा?"

"घसा. नाही. माय. कापून. काढला. तुमच्या. मुलासारखा."

चाचांचा काही दोष नव्हता. घरातलं खोटं मी त्यांना पाटीवर कधी लिहिलंच नव्हतं. मी ओट्यावर आलो तोपर्यंत बोलणं होऊन गेलं होतं. मायचे हात मांडीवर तसेच राहिले होते.

"माह्या पोराचा बी काढला?" तिनं विचारलं.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं. मी मायसमोर बसलो. रुमाल सोडला, तिचा हात धरला आणि तिची बोटं गळ्यातल्या भोकावर ठेवली. माझा श्वास तिच्या बोटांवर येत होता. तिनं हात काढला नाही. मग पदरानं माझा गळा पुसला.

"आन् मले मौन सांगतलं," ती म्हणाली.

चाचा तासभर थांबले. जाताना माझ्या छातीवर बोट टेकवून म्हणाले, "मी. तीनदा. सोडलं. होतं. चौथ्यांदा. धरलं. आज. संध्याकाळचा. चहा. झाला. की." संध्याकाळी चहा झाला. मी हात गुडघ्यावर ठेवला आणि पाच वेळा केलं. सात वाजता फोन आला तेव्हा एकदा टिचकी मारली.

घरात दोन मुके

आता खरं मौन मायनं धरलं. दोन दिवस ती सुमनशी बोलली नाही, माझ्याशी नाही, गल्लीशी तर मुळीच नाही. जेवायची, पण ताट सरकवल्यावर "हं" सुद्धा नाही. सुमन रडकुंडीला आली. आम्ही तिच्याशी चार महिने जे केलं ते तिनं दोन दिवसांत आम्हाला दाखवलं, आणि आमची तक्रार करायची सोय नव्हती. तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याला खरं सांगा. धक्का बसेल, पण तो त्याचा हक्क आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती सुमनला म्हणाली, "तो मांगं केयीत जाऊन ढेकरा देतो ना, त्याले सांग, घरात दे. मले काई तरास नही."

तेव्हापासून मी घरात करू लागलो. तिच्या खाटेपासून चार हातांवर बसून, अठरा वेळा. ती लसूण सोलत किंवा वाती वळत ऐकायची. कधीतरी म्हणायची, "हा बरा होता." कधी म्हणायची, "हा नही." ती सहसा चुकत नव्हती. जोर लावला की तिला लगेच कळायचं. "कोनाले बोलावतो इतक्या लांबून? मी इथंच हाये ना," म्हणायची.

मला दोन शब्द हवे होते. "चुकलो" लवकर आला, "च" जिभेवर बसतो. अडला तो दुसरा. "म" म्हणताना हवा नाकातून पळून जाते. आम्हा लोकांचा तो नेहमीचा त्रास आहे. त्यामुळे "माय" तोंडातल्या तोंडात विरायचा. दुपारच्या जेवणानंतरची वेळ मी फक्त त्या एका शब्दाला दिली, आणि ती केळीतच ठेवली. रोज पाच वेळा. दसरा गेला, दिवाळी गेली. कित्येक दिवस पाचांतला एकही आला नाही. एखाद्या दिवशी एक यायचा. मार्गशीर्षात पाचांतले तीन येऊ लागले. घाई करू नका, हे मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही करणारच. पण दिवस चुकवू नका.

आता मी यार्डात चिठ्ठ्या लिहितो आणि काट्यावर उभा राहतो. पुकारणं परत आलेलं नाही आणि येणारही नाही. त्याचं वाईट वाटतं, नाही वाटत असं कशाला लिहू?

ओट्यावर

पौषातली गोष्ट. थंडी होती, माय ओट्यावर उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. बोटांनीच तिला दाणा कळतो. सुमन आत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. ती अठरातली कुठलीच वेळ नव्हती. मी हवा घेतली, जोर लावला नाही.

"माय."

तिचे हात थांबले. गेल्या चैत्रापासून तिनं हा शब्द माझ्या तोंडून ऐकला नव्हता. मला भीती वाटली की पुढचा येणार नाही. पुन्हा हवा घेतली.

"चुकलो."

मला वाटलं तिला कशाबद्दल ते कळलं नसेल. म्हणून आणखी दोनदा थांबून, तोडून म्हणालो, "त्या. दिवशी. डोळ्यावरून."

तिनं चेहरा माझ्याकडे केला. हात पुढं करून माझा गाल शोधला, मग कान, आणि कानाची पाळी लहानपणी धरायची तशी धरून थोडी पिळली. तिचे डोळे भरले होते, माझेही.

"चुकला त चुकला," ती म्हणाली. "उद्याबी बोल."

मग अर्ध्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या. त्या मी सोलल्या. दुसऱ्या दिवशी मी तिच्याशी बोललो, तिसऱ्या दिवशीही बोललो.